अर्ज कोणाचा?

श्रोतेहो, तालुक्याच्या कचेरीत रोज घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खिडकीशी माणसांची रांग लागली आहे. एकेकाचा अर्ज आत घेतला जातो, शिपाई तो गठ्ठा उचलून आतल्या खोलीत नेतो आणि तिथे बसलेले भाऊसाहेब अर्जावर शेरा मारतात. आता समजा, भाऊसाहेबांनी मान वर न करताच विचारले, "कोण आहे?" आणि समोर उभ्या असलेल्या शिपायाने उत्तर दिले, "मी आहे, साहेब." उत्तर खरे आहे. त्यात लबाडी मुळीच नाही. पण या उत्तरावर विसंबून भाऊसाहेबांनी अर्ज मंजूर केला तर काय होईल? शिपाई कचेरीतलाच माणूस, त्याला दप्तरखान्यात जायची मुभा आहे. मग ज्याला अशी मुभा नाही, तो बाहेरचा माणूसही शिपायाच्या हाती एक कागद देऊन दप्तरखान्यातले हवे ते बासन सोडवून घेईल.

संगणकाच्या पोटात हाच प्रसंग एका सेकंदात हजारो वेळा घडतो. तिथे भाऊसाहेबांनी "कोण आहे?" असे कधी विचारावे, कोणाला विचारावे, आणि उत्तर कितपत खरे मानावे, हे ठरवता ठरवता जाणत्या लोकांची साठ वर्षे गेली. त्या साठ वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे. आता तुम्ही म्हणाल, या यंत्राच्या पोटातल्या कारभाराशी आमचे काय देणे-घेणे? पण शाळेचे हजेरीपत्रक, पतपेढीची खाती, दवाखान्यातली नोंद ही सारी आता याच यंत्रात असतात. त्यातली एखादी नोंद कोणी बदलली, कोणी पुसली, याचा आळ खऱ्या माणसावर येतो की भलत्यावर, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

प्रथम दोनतीन शब्दांची ओळख करून घेऊ. संगणक सुरू केला की त्याचा सारा कारभार हाती घेणारा जो मुख्य कार्यक्रम, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिचा सर्वांत आतला आणि सर्वाधिकारी भाग म्हणजे कर्नल. पलटणीतला कर्नल नव्हे बरं का! बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. आपण त्याला गाभा म्हणू. या गाभ्यात बसून डिस्क, छपाईचे यंत्र, जाळ्याची तार अशा एकेका उपकरणाशी बोलणारे जे छोटे कार्यक्रम, ते ड्रायव्हर. एस. टी.च्या ड्रायव्हरप्रमाणे त्यांच्या हाती सगळ्यांचा जीव असतो. गाभ्यातला कार्यक्रम चुकला तर त्याला अडवणारा वर कोणी नाही. गाडी सरळ खड्ड्यात जाते.

अगदी सुरुवातीला हा ओळखीचा प्रश्नच नव्हता. १९५० नंतरच्या दहा वर्षांत संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले एक यंत्र. एका वेळी एकाचेच काम त्यावर चाले. भोके पाडलेल्या पत्त्यांची चवड घेऊन यायचे, कारकुनाच्या स्वाधीन करायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद घेऊन जायचे. माणूस ओळखायचे काम कारकून करी, यंत्र नव्हे.

मग १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी तऱ्हा दाखवली. एकच यंत्र, पण त्याला अनेक टंकयंत्रे जोडलेली. यंत्र प्रत्येकाला थोडा थोडा वेळ आळीपाळीने देणार, आणि प्रत्येकाला वाटणार की यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेला आहे. गिरणीवाला जसा एकाच जात्यावर साऱ्या गावाचे दळण दळतो, तसेच हे. या व्यवस्थेचे नाव कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम. पुढे ती ज्या आय.बी.एम. ७०९४ यंत्रावर चालली, त्याची स्मृती मुद्दाम दुप्पट करून घेतली होती. एक भाग कारभारी कार्यक्रमासाठी आणि दुसरा भाग लोकांच्या कामासाठी. कारभाऱ्याचा ओटा वेगळा आणि रयतेचे अंगण वेगळे, ही वाटणी तिथे स्पष्ट झाली.

दळण एकाच गिरणीत, पण पीठ ज्याचे त्याला मिळाले पाहिजे. म्हणून प्रत्येकाला नंबर दिला आणि नंबराबरोबर एक सांकेतिक शब्द, म्हणजे पासवर्ड. हा उपाय किती तकलादू होता हे लगेच दिसून आले. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला जेवढा वेळ यंत्रावर मिळे, तेवढा पुरत नव्हता. १९६२ साली त्याने एका पत्त्यावर छपाईची मागणी लिहून दिली आणि सगळ्यांच्या सांकेतिक शब्दांची यादीच छापून घेतली! ही गोष्ट त्याने पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःच सांगितली. दुसरा प्रकार कॉर्बाटो यांनी सांगितला आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एकजण रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी सुधारत होता. दोघांच्या तात्पुरत्या कागदांना यंत्राने एकच नाव दिले आणि कागदांची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्राशी आला, त्याला सूचनेऐवजी साऱ्यांचे पासवर्ड टंकून मिळू लागले. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. दोन माणसांचे काम वेगळे आहे हे यंत्राला कळले नाही, एवढेच.

तर पासवर्ड हा दारावरचा प्रश्न झाला. दारावर एकदा विचारले, माणूस आत आला. आत आल्यावर तो माणूस राहतच नाही. राहतो त्याच्या वतीने चालणारा कार्यक्रम. तो कार्यक्रम दर क्षणाला गाभ्यापाशी काहीतरी मागतो: ही फाइल उघडून दे, ती पुसून टाक, हे छापून दे. प्रत्येक वेळी पासवर्ड विचारणे अशक्य. म्हणून दारावर घेतलेली ओळख गाभ्याने जवळ बाळगली पाहिजे आणि प्रत्येक मागणीच्या वेळी ती तपासली पाहिजे. १९६५ पासून त्याच विद्यापीठात मल्टिक्स नावाची पुढची व्यवस्था उभारली जाऊ लागली. तिच्यात चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या गळ्यात एक नाव बांधलेले असे. त्यात माणसाचे नाव असे, आणि तो कोणत्या कामासाठी आला आहे तेही असे. प्रत्येक फाइलीजवळ यादी असे: कोणी वाचावे, कोणी लिहावे. शिवाय गाभ्याभोवती एकात एक अशी आठ वलये कल्पिली होती. जितके आतले वलय तितका अधिकार मोठा. किल्ल्याचे एकाआड एक दरवाजे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

१९७२ साली अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी पहारेकऱ्याची कल्पना मांडली. प्रत्येक मागणी या पहारेकऱ्याच्या नजरेखालूनच गेली पाहिजे. त्याला कोणी बाजूला सारू वा बिघडवू शकता कामा नये. आणि तो इतका लहान असावा की त्याचे काम बरोबर आहे याची पूर्ण खातरी करून घेता यावी. हा अहवाल अजूनही जाणकार लोक आदराने वाचतात. तथापि पहारेकरी कितीही इमानी असला, तरी ज्याच्यासाठी दार उघडायचे त्याचे नाव त्याला चुकीचे कळले, तर त्याच्या इमानाचा काय उपयोग? अडचण नेमकी तिथेच आली.

ती कशी, हे समजून घेण्यासाठी युनिक्सकडे वळू. बेल प्रयोगशाळेने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतले. तिथल्या केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याच सुमारास एक लहानशी, सुटसुटीत व्यवस्था स्वतःच रचायला घेतली. तिचे नाव युनिक्स. १९७५ साली तिची सहावी आवृत्ती निघाली. तिचा गाभा सुमारे ९ हजार ओळींचा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी या साऱ्या ओळी छापल्या आणि १९७७ साली त्यांवर ओळीओळीने टीका लिहिली. पुढे मालकी हक्कांमुळे ते पुस्तक उघडपणे वाटायला बंदी आली. तेव्हा जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती काढून ते वाचले, आणि रीतसर ग्रंथ म्हणून ते १९९६ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकबंधूंनो, वर्गासाठी काढलेल्या टिपणांना असे भाग्य क्वचितच लाभते!

या सहाव्या आवृत्तीत माणसाची ओळख म्हणजे फक्त एक आकडा होता. तोही एवढा लहान की ० पासून २५५ पर्यंतच जाई. शून्य नंबरचा माणूस म्हणजे सर्वाधिकारी, त्याला रूट म्हणत. ज्या कार्यक्रमाची पाळी चालू असेल, त्याची सारी माहिती गाभ्यातल्या एका ठरलेल्या जागी मांडून ठेवलेली असे. त्या जागेचे नाव नुसते 'यू'. पाळी बदलली की तिथली पाटी बदले. त्यामुळे गाभ्यातल्या कोणत्याही कार्यक्रमाला, ड्रायव्हरलासुद्धा, "आत्ता कोण आहे?" हे जाणून घ्यायचे तर त्या जागी नजर टाकली की झाले. तिथे शून्य दिसले तर परवानगी, नाही तर नकार. सर्वाधिकाराची ही सारी तपासणी चारपाच ओळींत आटोपे. इतकी सोपी रीत पुढे कधीच लाभली नाही.

पण या सोपेपणातच मेख होती. डिस्क हे सावकाश चालणारे उपकरण. समजा, गोविंदाच्या कार्यक्रमाने डिस्कवरची एक फाइल मागितली. ड्रायव्हर ती मागणी रांगेत लावतो आणि गोविंदाला म्हणतो, "तू झोप, माल आला की उठवतो." गोविंदा झोपला. यंत्र रिकामे बसत नाही, ते यशोदेचे काम चालवायला घेते. 'यू'च्या जागी आता यशोदेची पाटी लागली. इतक्यात डिस्क घंटी वाजवते, "माल आला!" यंत्र हातातले काम तिथेच थांबवून ड्रायव्हरला बोलावते. ड्रायव्हरने त्या घटकेला 'यू'कडे पाहिले तर त्याला काय दिसेल? यशोदा. माल गोविंदाचा आणि पाटी यशोदेची! यशोदेने काही मागितलेले नाही. घंटी वाजली तेव्हा योगायोगाने तिची पाळी होती, इतकेच. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी पहिला नियम शिकला तो हा: घंटीच्या वेळी कोण आहे असे विचारूच नये. मागणी पुढे येते तेव्हाच विचारावे, आणि पुढे लागणार असेल तर मागणीच्या कागदावरच लिहून ठेवावे. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येतो, तेव्हा ओट्यावर जो बसला असेल त्याच्या हाती पैसे देत नाही. फॉर्मवरचे नाव वाचतो. तसेच हे.

युनिक्सने आणखी एक प्रश्न सोडवला, आणि सोडवताना एक नवा निर्माण केला. साऱ्यांचे पासवर्ड एका फाइलीत असतात आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला. मग साध्या माणसाने आपला स्वतःचा पासवर्ड बदलायचा कसा? डेनिस रिची यांनी युक्ती काढली. काही ठरावीक कार्यक्रमांवर अशी खूण करायची की ते कोणीही चालवले तरी, चालत असेपर्यंत, ते आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतील. म्हणजे अशा कार्यक्रमाला दोन नंबर झाले: एक, तो कोणी चालवला त्याचा; दुसरा, तो कोणाच्या अधिकाराने चालला आहे त्याचा. या युक्तीचे पेटंट १९७३ साली मागितले गेले आणि १९७९ साली मिळाले. बेल कंपनीने ते सर्वांना खुले करून दिले. युक्ती नामी होती यात शंका नाही. पण तिच्यामुळे "कोण आहे?" या प्रश्नाची उत्तरे एकाची दोन झाली, आणि कोणत्या वेळी कोणते उत्तर घ्यावे याचा विवेक ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या माथी आला.

हा विवेक सुटला तर काय होते, याची एक मासलेवाईक हकिकत नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली लिहून ठेवली आहे. टाइमशेअर नावाची कंपनी भाड्याने संगणकाचा वेळ देत असे. तिथे एक फोरट्रॅन भाषेचा कार्यक्रम होता. तो कोणी किती वापरला याची नोंद कंपनीच्या खास दप्तरात करता यावी, म्हणून त्याला त्या दप्तरात लिहिण्याचा परवाना दिला होता. वापरणारा माणूस त्याला सांगू शके, "माझे अमुक उत्तर अमुक नावाच्या फाइलीत लिही." एकाने नाव दिले ते त्याच दप्तरातल्या बिलांच्या फाइलीचे! कार्यक्रमाने निमूटपणे तिच्यात उत्तर लिहिले आणि कंपनीची बिले पुसली गेली. गाभ्याने तपासणी केली होती, पण ती कार्यक्रमाच्या परवान्याची. सांगणाऱ्या माणसाची नव्हे. हार्डींनी या प्रकाराला जे नाव दिले, ते आपल्या भाषेत 'गोंधळलेला मुखत्यार' असे होईल. मुखत्याराच्या खिशात दोन अधिकारपत्रे असतात, एक धन्याचे आणि एक गिऱ्हाइकाचे, आणि कोणते कधी काढावे हे त्याला उमगत नाही.

आता विंडोजकडे येऊ. शाळांतून आणि कचेऱ्यांतून बहुतेक ठिकाणी हीच व्यवस्था दिसते. १९८८ साली डेव्हिड कटलर हे डिजिटल इक्विपमेंट कंपनी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आले. तिथे त्यांच्या चमूने नव्याने रचलेली विंडोज एन.टी. ही व्यवस्था १९९३ च्या जुलैत बाहेर पडली. हिच्यात माणसाची ओळख म्हणजे लहानसा आकडा नव्हता. लांबलचक अंकमाळ होती. तिला सुरक्षा-ओळख, थोडक्यात 'सिड' म्हणतात. ती 'एस-१-५' अशी सुरू होते आणि पुढे आकड्यांच्या लडी येतात. एका गावात सखाराम पाटील दोन असू शकतात, पण जमिनीचा गट नंबर दोघांचा एक नसतो. तसाच हा सिड. एखाद्या माणसाचे खाते काढून टाकले आणि त्याच नावाने पुन्हा उघडले, तरी सिड नवा मिळतो. जुन्या खात्याचे हक्क आपोआप नव्याला मिळत नाहीत. काही सिड मात्र साऱ्या जगात ठरलेले आहेत. 'एस-१-५-१८' म्हणजे कोणी माणूस नव्हे, स्वतः व्यवस्थाच. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणूस आत आला की त्याचा सिड, तो कोणकोणत्या गटांत आहे त्यांचे सिड आणि त्याला मिळालेले खास अधिकार हे सारे एका बिल्ल्यावर नोंदले जाते. या बिल्ल्याला टोकन म्हणतात. प्रत्येक कार्यक्रमाच्या गळ्यात एक मूळ बिल्ला असतो. पण एका कार्यक्रमात अनेक गडी एकाच वेळी काम करीत असतात, आणि एखाद्या गड्याला काही काळ दुसऱ्याचा बिल्ला वर घालता येतो. हे कशासाठी? समजा, शाळेतल्या एका मोठ्या संगणकावर सगळ्यांच्या फाइली आहेत आणि दुसऱ्या खोलीतून शिक्षक जाळ्यावरून एक फाइल मागतात. मोठ्या संगणकावर ती मागणी पुरी करणारा गडी व्यवस्थेचा नोकर असतो. त्याचा मूळ बिल्ला एस-१-५-१८. त्याच बिल्ल्यावर तो काम करू लागला तर जाळ्यावरून कोणीही काहीही मागावे! म्हणून तो घटकाभर त्या शिक्षकांचा बिल्ला वर घालतो आणि मग फाइल मागायला गाभ्याकडे जातो. तिथल्या ड्रायव्हरने वरचा बिल्ला आहे का ते आधी पाहायचे. असेल तर तोच खरा धरायचा, नसेल तर मूळ बिल्ला. ज्याने फक्त मूळ बिल्ला पाहिला, त्याला जाळ्यावरून आलेली साऱ्या शाळेची माणसे एकाच नावाची दिसतील.

शिवाय विंडोजमध्ये मागणी हा खरोखरीच एक कागद असतो. तो एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे, वरून खाली जातो. सर्वांत वर फाइली सांभाळणारा, सर्वांत खाली डिस्क फिरवणारा. वरच्याकडे कागद येतो तेव्हा बहुधा मागणारा गडी स्वतः समोर असतो. खाली जाता जाता मध्ये रांगा लागतात, काम दुसऱ्या गड्याकडे सोपवले जाते, आणि तळाशी पोचेपर्यंत समोर कोणीही उभा असतो. बरे, लिहिलेला मजकूर ताबडतोब डिस्कवर जातो असेही नाही. तो आधी गाभ्याजवळच्या कोठारात पडतो आणि थोड्या वेळाने व्यवस्थेचाच एक गडी तो सावकाश डिस्कवर नेऊन लिहितो. त्या गड्याला "तू कोण?" असे विचारले तर उत्तर ठरलेले: एस-१-५-१८. सुरुवातीचा आपला शिपाई तो हाच. "मी आहे, साहेब!"

म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांमध्ये रीत पडली ती अशी. फाइल उघडण्याची मागणी येते, तिच्याबरोबर मागणाऱ्याच्या बिल्ल्याची नोंद गाभा स्वतःच जोडून पाठवतो. सिड काढायचा तो त्याच वेळी आणि त्या नोंदीतूनच. तो त्या उघडलेल्या फाइलीशी बांधून ठेवायचा आणि पुढच्या साऱ्या लेखन-वाचनाला तोच वापरायचा. काम मागच्या गड्यावर सोपवायचे असेल तर नाव आधी टिपून घ्यायचे. आणि हे सारे शांत वेळी करायचे, घंटीच्या गडबडीत नव्हे. कारण बिल्ल्याचा मजकूर त्या क्षणी डिस्कवर हलवलेला असला, तर तो आणायला थांबावे लागते, आणि घंटीच्या वेळी थांबायला सवड नसते. युनिक्सने शिकवलेलाच धडा हा. भाषा तेवढी बदलली.

धडा जुना असला तरी तो पुनःपुन्हा गिरवावा लागतो. लिनक्स ही व्यवस्था १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली, आणि पुढे हजारो लोकांनी ती वाढवली. तिच्यात चालू कार्यक्रमाची स्मृती एखाद्या फाइलीसारखी उघडून पाहण्याची सोय आहे. २०११ साली तिच्यात लिहिण्यावरची बंदी उठवली गेली. मात्र लिहितेवेळी तपासणी होई की लिहिणारा तोच मालक आहे ना. २०१२ च्या जानेवारीत असे आढळले की ही तपासणी चकवता येते. फाइल उघडावी आपण, आणि लिहायला लावावे रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या दुसऱ्याच कार्यक्रमाला. तो कसा लिहील? त्याला मुद्दाम चुकीचे नाव द्यायचे. तो तक्रार करतो, "या नावाचा कोणी नाही," आणि ती तक्रार ज्या फाइलीत जाते, ती फाइल म्हणजे त्याचीच स्मृती! दिलेल्या नावातच लबाडाने आपले हुकूम दडवलेले असतात. बिचारा कार्यक्रम आपल्याच हाताने ते आपल्या डोक्यात लिहून घेतो. उपाय झाला तो एवढाच, की तपासणी लिहितेवेळी न करता उघडतेवेळी करावी.

विंडोजची हकिकत तर आपल्या विषयाच्या अगदी मर्मावर बोट ठेवते. विंडोज ८.१ मध्ये एक ड्रायव्हर होता. जुन्या कार्यक्रमांना नव्या व्यवस्थेत सांभाळून कसे घ्यायचे याची टिपणे तो ठेवी. त्यात नवे टिपण घालण्याचा अधिकार फक्त व्यवस्थेला. त्यासाठी ड्रायव्हर मागणाऱ्याचा वरचा बिल्ला हाती घेई, त्यातला सिड काढी, आणि तो एस-१-५-१८ शी ताडून पाही. जुळला की परवानगी. वरवर पाहता यात काय चुकले? गड्याने वर घातलेल्या बिल्ल्याला चार प्रती असतात: पहिल्या प्रतीत नावच कळत नाही, दुसरीत नाव कळते, पण त्या नावाने काही करता येत नाही, तिसरीने त्याच यंत्रावर कामे करता येतात, चौथीने दुसऱ्या यंत्रावरही. आपण आधार कार्डाची झेरॉक्स कुठे देतो तेव्हा तिच्यावर आडवी रेघ मारून 'फक्त ओळखीसाठी' असे लिहितो ना? दुसऱ्या प्रतीचा बिल्ला म्हणजे अशी झेरॉक्स. ती कुलमुखत्यारपत्र नव्हे. या ड्रायव्हरने झेरॉक्सवरचे नाव वाचले, आडवी रेघ वाचली नाही. व्यवस्थेच्या एखाद्या नोकराला आपल्याशी बोलायला लावून त्याच्या बिल्ल्याची अशी दुसऱ्या प्रतीची नक्कल मिळवणे साध्या माणसालाही शक्य असते. ती घालून तो या ड्रायव्हरपुढे उभा राहिला की ड्रायव्हर म्हणे, "या साहेब!"

हा दोष गुगल कंपनीच्या प्रोजेक्ट झीरो पथकातल्या जेम्स फोरशॉ यांनी २०१४ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टला कळवला. त्या पथकाचा नियम ९० दिवसांचा. मुदत संपली तरी दुरुस्ती बाहेर आली नव्हती, म्हणून २९ डिसेंबरला सारा तपशील जाहीर झाला, आणि १३ जानेवारी २०१५ ला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. चोराला वाट दाखवली की मालकाला जागे केले, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. माझ्या मते ९० दिवस थोडे नव्हेत. पण दोन आठवडे आणखी थांबले असते तर काही बिघडले नसते, असेही वाटते. दुरुस्ती मात्र छोटीशी होती. नाव वाचायच्या आधी ती कोणती प्रत आहे ते पाहावे.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या शाळेतल्या संगणकावर कोणती फाइल कोणी उघडली, कोणी पुसली याची वही ठेवण्याची सोय असते. मागून सुरू करावी लागते, आपोआप चालू नसते. त्या वहीत एखाद्या ओळीपुढे एस-१-५-१८ असा आकडा दिसला, किंवा नुसते 'सिस्टिम' असे लिहिलेले दिसले, तर ते कोणा माणसाचे नाव नाही. ते काम व्यवस्थेने आपले आपण केले असेल, किंवा कोणाच्या तरी वतीने केले असेल. अशा वेळी त्या ओळीच्या वर, फाइल उघडल्याची जी नोंद असेल, तिथपर्यंत बोट मागे न्यावे. नाव असलेच तर तिथे असेल.